दुर्बिणीतून गाठ काढताना मूत्राशयाला भोक पडतं का?

गोव्यातल्या डिचोलीहून एका मुलाने वडिलांबद्दल विचारलं आहे. वडील ६८ वर्षांचे, पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचे, विडी अजून सुटलेली नाही. महिन्यापूर्वी लघवीतून रक्त गेलं, दुखलं-खुपलं काही नाही. सोनोग्राफीत मूत्राशयाच्या उजव्या भिंतीवर ३ सेंटिमीटरची गाठ दिसली आणि डॉक्टरांनी ती दुर्बिणीतून काढायला सांगितली. दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेला, रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू. वाड्यावरच्या कुणाला याच ऑपरेशनात 'पिशवीला भोक पडलं' असं कानावर आल्यापासून घरचे धास्तावलेत. त्यांचे प्रश्न तीन: असं खरंच होतं का, होऊ नये म्हणून डॉक्टर काय करतात, आणि ऑपरेशन चवथीनंतर, म्हणजे गणेश चतुर्थीनंतर, केलं तर चालेल का? चवथ अजून पाच आठवड्यांवर आहे.

होतं. लपवण्यात अर्थ नाही. शंभर ऑपरेशनांत साधारण एक ते पाच वेळा भिंतीला भोक पडतं. त्यातली बहुतेक भोकं पोटाच्या पोकळीत न उघडता बाहेरच्या चरबीत उघडतात आणि कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, थोडे जास्त दिवस ठेवला की आपोआप भरून येतात. पण मी हे काम पंचवीसहून जास्त वर्षं करतोय आणि मला त्या भोकापेक्षा दुसऱ्याच एका गुंतागुंतीची भीती जास्त वाटते. ती ऑपरेशनच्या दिवशी कुणालाच दिसत नाही. तिच्याकडे येतो, आधी भोकाचं बघू.

या ऑपरेशनला आम्ही टीयूआरबीटी म्हणतो. पोटावर टाका नाही, दोन-तीन दिवसांत घरी. त्यामुळे ते 'सोपं' समजलं जातं आणि शिकाऊ डॉक्टरांच्या हाती सगळ्यात आधी दिलं जातं. माझ्या मते युरोलॉजीतली ही जुनी आणि मोठी चूक आहे. प्रोस्टेट खरवडताना मागे जाड कवच असतं, इथे तसं काहीच नाही.

करतात काय, तर लघवीच्या वाटेने साडेआठ-नऊ मिलिमीटर जाडीची नळी आत जाते. तिच्यात दुर्बीण, उजेड, पाणी आत-बाहेर करायची सोय आणि टोकाला अर्धगोल वाकवलेली बारीक तार, म्हणजे लूप. पायाशी दोन पेडल: पिवळं कापायला, निळं रक्त थांबवायला. न्यूयॉर्कच्या एडविन बिअर यांनी १९१० मध्ये दुर्बिणीतून वीज आत नेऊन मूत्राशयातली गाठ जाळता येते हे दाखवलं. तेव्हापासून यंत्रं कितीतरी सुधारली, मूत्राशयाची भिंत मात्र तेवढीच आहे. रिकामं असताना सुमारे ५ मिलिमीटर, भरल्यावर ३ च्या आसपास. फुग्यासारखं आहे ते, जितकं फुगवाल तितकं पातळ. सर्जनला मोह असतो जास्त पाणी भरायचा, कारण सगळं छान पसरून स्पष्ट दिसतं. म्हणून पहिला नियम अर्धवट भरलेल्या मूत्राशयात काम करायचा. दिसायला थोडं कमी, पण लूपखाली जाडी मिळते.

आत काय दिसतं तेही सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. गाठ बहुतेक वेळा पाण्यात हलणाऱ्या शेवाळासारखी, बारीक झुपक्यांची. ती कापत खाली गेलं की गुलाबी अस्तर संपतं आणि आडवे-तिडवे फिकट धागे दिसायला लागतात. नारळाचं सोडण सोलताना जसा काथ्या उलगडतो, साधारण तसे. तो स्नायू. इथवर आम्हाला जायचंच असतं. त्याच्या पलीकडे चकचकीत पिवळं काही दिसलं की ती चरबी, म्हणजे भिंत संपली. स्नायू ते चरबी हे अंतर एका चुकार झटक्याचं.

माझा तो झटका वीसेक वर्षांपूर्वीचा. मी तेव्हा ज्या हॉस्पिटलात होतो तिथली गोष्ट. भात लावणीच्या दिवसांतला साठीचा शेतकरी, गाठ डाव्या बाजूच्या भिंतीवर, कमरेत भूल दिलेली. भूलतज्ज्ञांनी सुरुवातीलाच विचारलं, "बाजूच्या भिंतीवर आहे ना, पूर्ण भूल देऊया का?" मी म्हटलं, "लहान आहे, स्पायनलवर होईल." पेशंट जागा होता, लावणीला माणसं मिळत नाहीत म्हणून सांगत होता. तिसऱ्या की चौथ्या कापाला त्याचा पाय आतल्या बाजूला असा झटकन आला की टेबल हललं. पेडलवरून पाय काढायला मला जो अर्धा सेकंद लागला तेवढ्यात लूप आरपार गेली. पडद्यावर आधी पिवळं दिसलं, मग एक काळी फट. आत जाणारं पाणी परत येईना.

थांबलो. रक्त येत होतं तेवढीच जागा बंद केली, कॅथेटर घातला, दहा दिवस ठेवला. काढण्याआधी औषध भरून एक्स-रे घेतला, कुठेही गळत नव्हतं. माणूस चालत घरी गेला. पण गाठ अर्धी राहिली, शेवटी मूत्राशयात जे औषध सोडायचं ते सोडता आलं नाही, आणि सहा आठवड्यांनी त्याला पुन्हा टेबलवर घ्यावं लागलं, ऐन कापणीच्या तोंडावर. ते भोक पाय उडाला तेव्हा पडलं असं कुणीही म्हणेल. मी तसं म्हणत नाही. ते 'स्पायनलवर होईल' म्हटलं तेव्हाच पडलं.

कारण पाय उडणं हा नशिबाचा भाग नव्हताच. मूत्राशयाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींना जवळजवळ चिकटून ऑब्ट्युरेटर नावाची नस जाते. मांडी आत ओढणारे स्नायू तिच्यावर चालतात. लूपमधली वीज भिंतीपलीकडच्या या नसेला लागते आणि मांडी झटका मारते. कमरेतल्या भुलेने हे थांबत नाही, आणि लोकांना हेच पटत नाही: पाय तर बधिर आहे, मग उडेल कसा? घरातला मेन स्विच बंद केला, पण पुढच्या वायरीला कुणी बाहेरून करंट लावला तर पंखा फिरणारच. स्पायनल हा मेन स्विच, मणक्यापाशी. वीज लागते ती पुढे, ओटीपोटात.

उपाय दोनच ठिकाणी चालतात. एक, पूर्ण भूल आणि स्नायू सैल करणारं औषध. ते नस आणि स्नायू यांच्या सांध्यावरच काम करतं, त्यामुळे नसेतून हुकूम आला तरी स्नायू ऐकत नाही. पण या औषधाचा अंमल उतरतो. मी गाठीच्या बुडाशी पोचलो की हात थांबवतो आणि भूलतज्ज्ञांना विचारतो, "आत्ता पूर्ण सैल आहे ना?" होकार आल्याशिवाय पेडल नाही. दुसरा उपाय, कमरेतली भूल ठेवून वर जांघेत त्याच नसेला सुई देऊन बधिर करणं, म्हणजे नसेचा ब्लॉक. हल्ली सोनोग्राफीत बघून देतात, त्यामुळे नेम चांगला लागतो, तरी शंभर टक्के नाही. शिवाय वीज कमी ठेवायची, पेडल दाबून धरायचं नाही, टिचक्या मारल्यासारखं दाबायचं. बायपोलर यंत्र, ज्यात वीज शरीरभर न फिरता लूपपाशीच फिरते, आलं तेव्हा झटक्याचा प्रश्न संपला असं विक्रेते सांगत फिरत होते. संपला नाही, फार तर कमी झाला. लेसरमध्ये वीज शरीरातून जात नाही, तिथे झटका येत नाही. लेसरने किंवा वेगळ्या लूपने लहान गाठ बुडासकट एकसंध काढायची पद्धतही आता बरीच रुळली आहे. पण लेसर नसेल तर ऑपरेशन कमी प्रतीचं, असं समजू नका.

तुमच्या वडिलांची गाठ उजव्या भिंतीवर, म्हणजे नेमकी याच जागी. तेव्हा पहिला प्रश्न डॉक्टरांना हाच विचारा: भूल कोणती, आणि कमरेत देणार असाल तर नसेचा ब्लॉक देणार का? स्टेंट आहे म्हणून पूर्ण भूल चालणारच नाही असं नसतं. ते भूलतज्ज्ञ हृदयाची तपासणी बघून ठरवतील. विचारल्याचा राग कुणी चांगला सर्जन धरत नाही.

बाकीच्या जागांचं थोडक्यात. मूत्राशयाच्या छतावरची गाठ अवघड, कारण हवेचा बुडबुडा तिथेच जमतो आणि पलीकडे आतडी असतात. पोटावरून हाताने छत खाली दाबून घेतात, बुडबुडा अधूनमधून काढून टाकतात. त्या हवेत ऊतक जळून तयार झालेला हायड्रोजन मिसळला आणि ठिणगी पडली तर स्फोट होऊ शकतो. दुर्मीळ आहे, पण पुस्तकातली गोष्ट नाही. मूत्रपिंडाची नळी जिथे उघडते त्या तोंडावर गाठ असेल तर कापायचं, पण निळ्या पेडलने भाजायचं नाही. कापलेलं तोंड बहुधा नीट भरतं, भाजलेलं आकसतं आणि मूत्रपिंडाला सूज येते. भिंतीतून बाहेर आलेल्या कोनाड्यासारख्या पिशवीत गाठ असेल तर तिथे मागे स्नायूच नसतो, म्हणून लूप जपून, कधी कधी नुसता चिमट्याने तुकडा घेऊन बाकीचं पुढे ठरवायचं.

भोक पडलंय हे लवकर ओळखणं ही निम्मी लढाई. आत सोडलेलं पाणी आणि बाहेर आलेलं पाणी यांचा हिशोब आमची थिएटरची सिस्टर मोठ्याने सांगते. पोट ताठ लागायला लागलं किंवा स्पायनलवरचा जागा पेशंट अचानक "खांदा दुखतोय" म्हणाला की माझा हात थांबतो. पोटात पाणी गेलं की ते श्वासपटलाला डिवचतं आणि दुखणं खांद्यात जाणवतं. असं पोटाच्या पोकळीत उघडलेलं भोक बहुतेक वेळा शिवावंच लागतं.

पाण्याचं आणखी एक. जुन्या मोनोपोलर यंत्राला मीठ नसलेलं पाणी लागतं, सहसा ग्लायसिनचं. ते रक्तात जास्त शोषलं गेलं की सोडियम घसरतं. पेशंट जांभया देतो, चुळबुळतो, मळमळतं म्हणतो, असंबद्ध बोलतो. प्रोस्टेटच्या मानाने इथे हे कमी होतं, पण भोक पडलेलं कळलं नाही आणि काम चालूच ठेवलं तर होतं. बायपोलरला साधं सलाईन चालतं, त्यामुळे हा धोका जवळजवळ जातो. माझ्या लेखी बायपोलरचा खरा फायदा हा.

आता ती न दिसणारी गुंतागुंत. भोकाला घाबरलेला सर्जन काय करतो? वरवर खरवडतो. पडदा स्वच्छ दिसतो, रक्त नाही, पेशंट दुसऱ्या दिवशी घरी, सगळे खूश. आठवड्याने रिपोर्ट येतो, त्यात एक ओळ असते: तुकड्यांत स्नायू आढळला नाही. म्हणजे कर्करोग भिंतीत किती खोल गेलाय हे कुणालाच ठाऊक नाही. मूत्राशयाच्या दर चार गाठींतल्या सुमारे तीन सापडतात तेव्हा वरच्या थरातच असतात, स्नायूत गेलेल्या नसतात. पण तुमची त्या तीनांतली की चौथी, हे स्नायू तपासल्याशिवाय ठरत नाही. स्नायूत गेलेल्या गाठीला बहुधा मूत्राशय काढणं किंवा रेडिएशन-केमो लागतं. वरच्या थरातल्या गाठीवर दुर्बिणीतूनच वर्षानुवर्षं भागतं. हा फरक एका तुकड्यावर ठरतो. तो तुकडा न घेतल्यामुळे वर्ष-दोन वर्षांनी पुढच्या टप्प्यात परत आलेले पेशंट मी पाहिलेत. त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर 'गुंतागुंत: नाही' असं लिहिलेलं होतं.

म्हणून सगळं कौशल्य त्या काथ्याच्या थरात आहे, त्याच्या अलीकडे थांबायचं नाही आणि पलीकडे जायचं नाही. वरची गाठ एका बाटलीत आणि बुडाचा स्नायूसकटचा तुकडा वेगळ्या बाटलीत पाठवायचा. सगळं एकाच बाटलीत कोंबलं की पॅथॉलॉजिस्टला कुठलं बूड आणि कुठलं टोक हे कळत नाही. ऑपरेशननंतर डॉक्टरांना विचारा, बाटल्या किती पाठवल्या? साधा प्रश्न, पण उत्तरावरून बरंच समजतं.

काही वेळा दोन ते सहा आठवड्यांनी दुसऱ्यांदा दुर्बीण घालून त्याच जागेचा तुकडा घ्यावा लागतो: गाठ पूर्ण निघाली नसेल, स्नायू मिळाला नसेल, किंवा कर्करोग अस्तराखालच्या थरापर्यंत पोचला असेल तर. याला लोक 'पहिल्या डॉक्टरने नीट केलं नाही' समजतात. तसं नाही, हा उपचाराचाच भाग आहे. नीट केलेल्या पहिल्या ऑपरेशननंतरही पुष्कळांत काही ना काही उरलेलं सापडतं.

शक्य असेल तर ऑपरेशनच्या आधी सीटी करून घ्या. मूत्रपिंडाच्या नळ्यांत दुसरी गाठ नाही ना, हे त्यात कळतं. ऑपरेशननंतर भिंत सुजते आणि मग चित्र फसवं दिसतं.

आता गोळ्या. घरच्यांनी जिथे खरोखर हातभार लावायचा ती जागा ही. दोन गोळ्यांपैकी एक ॲस्पिरिन आणि दुसरी क्लोपिडोग्रेलच्या जातीची असावी, पट्टी बघून खात्री करा. दोन्ही चालू ठेवून कापलं तर रक्त थांबता थांबत नाही, दिसायचं बंद होतं, आणि न दिसता कापणं हाच भोकाचा राजमार्ग. दोन्ही बंद केल्या तर स्टेंट गुठळीने बंद पडायची भीती. दोन वर्षं होऊन गेली असतील तर हृदयाचे डॉक्टर बहुतेक वेळा क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस आधी थांबवायला आणि कमी डोसची ॲस्पिरिन चालू ठेवायला सांगतात. त्या ॲस्पिरिनवर हे ऑपरेशन करता येतं. पण हा निर्णय त्यांनी, भूलतज्ज्ञांनी आणि सर्जननी मिळून घ्यायचा आणि कागदावर लिहून द्यायचा. कुठली गोळी कोणत्या तारखेला बंद, कोणत्या तारखेला सुरू. 'शेवटची गोळी सोमवारी घेतली की रविवारी?' यावर थिएटरच्या दारात बाप-लेकांची वादावादी मी अनेकदा ऐकली आहे. मधुमेह, रक्तदाब, कुणी दिलेला काढा, लसणाच्या कॅप्सूल, जे काही पोटात जातं ते सगळं एका पिशवीत घालून आणा.

लघवीची कल्चर तपासणी किमान चार दिवस आधी द्या. रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, मग जंतू असतील तर औषध सुरू करायचं. आदल्या दिवशी दिलेला नमुना नुसता शोभेचा. जंतू असलेल्या लघवीत कापकूप केली की ते थेट रक्तात जातात, आणि वयस्क माणसाला त्या रात्री हुडहुडी भरून ताप येतो तो साधा नसतो.

आणि पेज. आपल्याकडे 'काही खाल्लं नाही' म्हणणाऱ्या माणसाने पेज घेतलेली असते. पेज हे जेवण आहे. निवळही नको. सहा तास पोट रिकामं हवं, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं.

ऑपरेशन झालं की तीन तोंडांचा कॅथेटर असतो. एका तोंडातून सलाईन आत, दुसऱ्यातून लघवी बाहेर, तिसरं आतला फुगा फुगवायला. सलाईन मूत्राशय धूत राहतं, रक्ताची गुठळी होऊ देत नाही. रंगाबद्दल मी नातेवाइकांना गोव्याच्या भाषेत सांगतो: कोकम सरबतासारखा पातळ लाल चालेल, आगळासारखा दाट झाला की सिस्टरला हाक मारा. आणि थेंबही येईनासा झाला, पेशंट ओटीपोट धरून कळवळतोय, तर हाक मारू नका, धावत जा. गुठळीने नळी बंद झालेली असते आणि आत सलाईन चालूच असतं. ते सिस्टरने आधी बंद करायचं. तुंबलेलं मूत्राशय ताज्या जखमेवरच ताणलं जातं, टेबलवर वाचवलेली भिंत वॉर्डात फाटू शकते. मोठ्या सिरिंजने गुठळ्या ओढून काढायच्या, हे वॉर्डमधलं काम आहे आणि ते वेळेवर झालं तर परत थिएटर लागत नाही.

यात नातेवाईक नकळत घोटाळा करतात. बाटल्या भराभर संपतायत, बिल वाढतंय म्हणून सलाईनचा चिमटा रात्री हळूच आवळून ठेवतात. सकाळी नळीत गुठळी. चिमट्याला हात लावू नका.

भाषेचाही एक घोटाळा आहे. आपण मूत्राशयालाही लघवीची पिशवी म्हणतो आणि खाटेला लटकवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीलाही. एकदा रात्री अकराला सांग्याहून फोन आला, "डॉक्टर, पिशवीत रक्ताची गाठ दिसते." पावसाची रात्र. मी १०८ बोलवायला सांगणार, तेवढ्यात विचारलं, कुठल्या पिशवीत? प्लास्टिकच्या. लघवी येतेय ना? येतेय. मग झोपा. गुठळी बाहेर येऊन पडली हे उलट चांगलंच होतं.

गाठ वरच्या थरातली वाटत असेल तर ऑपरेशननंतर पहिल्या २४ तासांत, जमल्यास काही तासांतच, मायटोमायसिन मूत्राशयात सोडतात. जांभळाच्या रसासारखं दिसतं. एक-दोन तास आत ठेवून सोडून देतात. पाण्यात तरंगणाऱ्या सुट्या पेशी परत भिंतीला रुजू नयेत म्हणून. पण भोकाची नुसती शंका असली किंवा रक्त धुवायला सलाईन जोरात चालू ठेवावं लागत असलं तर ते द्यायचं नाही, म्हणजे नाही. भिंतीबाहेर गेलं तर ऊतकं जाळतं आणि दुखणं महिनोन्महिने राहतं. ते औषध दिलं नाही म्हणून सर्जनवर रागावू नका, का दिलं नाही ते विचारा. पुढे कधी मूत्राशयात सोडतात ते बीसीजीचं औषध वेगळं. त्यात क्षयाचे दुबळे केलेले पण जिवंत जंतू असतात. लागलंच तर जखम भरल्यावर, निदान दोन आठवड्यांनी, आणि लघवीत रक्त दिसत नसतानाच.

घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी लघवी स्वच्छ होते आणि माणसं निर्धास्त होतात. पण साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान आतली खपली सुटते आणि पुन्हा लाल दिसू शकतं. नेमकं तेव्हाच कुणीतरी बंद केलेली गोळी स्वतःहून सुरू केलेली असते, किंवा कुथून संडास केलेली असते, किंवा विहिरीवरून कळशी आणलेली असते. भरपूर पाणी, पोट साफ राहील असं खाणं, दोन-तीन आठवडे जड उचलायचं नाही, गोळी ठरल्या तारखेलाच. थोडं लाल झालं तर पाणी वाढवा. गुठळ्या पडल्या किंवा लघवी अडली तर हॉस्पिटल. महिन्या-दोन महिन्यांनी लघवीची धार बारीक झाली तर 'वय झालं' म्हणून सोडू नका. जाड नळी वाटेत घासली जाऊन वाट आकसते. हे टळावं म्हणून ऑपरेशनच्या वेळी आमचा उपाय म्हणजे आधी वाट मोजून बघणं, भरपूर जेली आणि न ढकलणं. माझे गुरू सांगायचे, नळी आत घालायची नसते, तिला आत जाऊ द्यायचं असतं.

विडीचं काय लिहू? मूत्राशयाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांमागे तंबाखूचा धूर असतो. त्यातली विषं रक्तातून लघवीत उतरतात आणि तासन्‌तास तिथेच साठून राहतात. विडी चालू ठेवली तर गाठ परत येण्याची शक्यता वाढते, आणि परत येणं म्हणजे परत लूप, परत तीच पातळ भिंत. भूल देण्याआधी काही आठवडे सोडली तर छातीलाही बरं. तुमच्याकडे तेवढे दिवस नाहीत. आज सोडू देत.

बांबोळीला जावं की खासगीत, हेही घरात चाललं असणार. बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात हे ऑपरेशन नेहमीचं आहे, सिंधुदुर्गातूनही पेशंट तिथे येतात. खासगीत जाणार असाल तर गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड तिथे चालतं का ते आधी विचारून घ्या. इमारतीपेक्षा मी काय बघेन ते सांगतो: त्या सर्जनचा हात या ऑपरेशनवर नेहमी असतो का, रात्री कॅथेटर तुंबला तर वॉर्डात गुठळी काढणारं कुणी आहे का, आणि रिपोर्टात स्नायूबद्दल स्पष्ट लिहिणारा पॅथॉलॉजिस्ट आहे का. दुसरा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो.

राहिली चवथ. आमच्या ओपीडीत श्रावण लागला की निम्मी ऑपरेशनं 'चवथ झाल्यावर बघूया' या रांगेत जातात. हर्नियाचं चालतं, याचं नाही. गाठ कोणत्या जातीची आहे तेच अजून ठाऊक नाही, आणि रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्यांवर असलेल्या माणसाला ऐन चतुर्थीच्या दिवशी गुठळ्या पडून लघवी अडली तर सुट्टीत धावाधाव तुमचीच. दिवस मोजून बघा. या आठवड्यात हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी, सीटी आणि कल्चर. पुढच्या आठवड्यात क्लोपिडोग्रेल बंद आणि त्याच्या शेवटी ऑपरेशन. म्हणजे चवथीला तीन आठवडे झालेले असतील, खपली पडून गेलेली असेल, रिपोर्टही हातात असेल. वडील सोवळं नेसून पूजेला बसू शकतील. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं टांगायची चौकट, बांधायला मात्र यंदा स्टुलावर चढू देऊ नका. नारळांचा घोस आणि सुपारीचे घड तुम्ही बांधा, त्यांनी खाली खुर्चीत बसून डावं-उजवं सांगावं.